शाळूची दशमी

उपसा योजनेचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला आणि धोंडुबाईच्या घरातून भाकरी हद्दपार झाली.

दुष्काळात या घरानं सरकारी मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या होत्या. चावून चावून जबडे दुखायचे आणि घास घशाखाली उतरायचा नाही. एकदा का पाणी आलं, की आपल्या घरातल्या पोरानं भाकरी चावत बसायचं नाही, असं धोंडुबाईनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पाणी आलं तशी ती शब्दाला जागली. सकाळी चपाती, रात्री चपाती. पाहुण्याला चपाती आणि रानातल्या गड्यालाही चपाती. कुणाच्या पोराच्या डब्यात काय असतं हे कुंडल गावातल्या बायकांना बरोबर ठाऊक असतं. धोंडुबाईची नात अनशी तुपाची चपाती घेऊन शाळेत जाते, हेही साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ते ठाऊक करून देण्याचं काम धोंडुबाईनंच मोठ्या आवडीनं केलं होतं.

अडचण एवढीच होती की ती चपाती अनशीला सोसत नव्हती.

पोरगी दुसरीत. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. जुलाबानं सारखी परड्यात पळायची. वर्गात बसल्या बसल्या पोट धरून उठायची आणि बाकीच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. तिच्या मागून जन्मलेल्या पोरी उंचीनं तिच्या पुढे गेल्या. धोंडुबाईनं जंताचं औषध दिलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, ओव्याचं पाणी पाजलं. एवढं करून काही होईना, तेव्हा अंगात ताकद यावी म्हणून चपातीवरची तुपाची धार वाढवली. पोरगी आणखीच वाळली.

अनशीची आई राहीबाई. तिचा नवरा मानसिंग पलटणीत होता, जम्मूकडे, आणि वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात सासू बोलायची आणि सून ऐकायची, हे गल्लीला दिसत होतं. सून ऐकून घेते आणि करायचं तेच करते, हे मात्र फक्त धोंडुबाईला माहीत होतं. राहीबाईचं माहेर कोरेगाव. तिथं चौथी पास झाली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात म्हशीचं दावं आलं. त्याबद्दल ती कधी कुणाजवळ रडली नाही. पण अनशीनं चौथीच्या पुढे जायचं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी तिनं अनशीला एसटीत घातलं आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त घेतलं. मग पोरगी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाते, ते खोदून खोदून विचारलं.

"बाई, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही," ते म्हणाले. "चपाती बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्कीट, सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका पोटभर द्या."

"किती दिस?"

"कायमचं."

"सणावाराला जराशी चपाती चालंल न्हवं?"

"चिमूटभरसुद्धा नाही. आतडं भरत आलं की तेवढ्यानं ते पुन्हा सोलवटतं. हे नीट सांभाळलंत तर पोरगी चारचौघींसारखी वाढेल. नाही सांभाळलं, तर अशीच झिजत जाईल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

परतीच्या एसटीत राहीबाईला हसावं की रडावं ते कळेना. पोरांनी चांगलं खावं म्हणून सारं घर चपातीवर आलं आणि नेमकी तीच पोरीच्या जिवावर उठली होती.

धोंडुबाईला हे सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"गहू बाधतो? आगं, दगड बाधंल, धोंडा बाधंल, गहू कसा बाधंल माणसाला? आजाऱ्याला गव्हाची खीर देत्यात आन् ह्यो डाक्तर गहूच बंद करतोय! आमाला गरिबाघरचं समजला आसंल त्यो. तू लुगडं कंचं नेसून गेलतीस?"

राहीबाईनं ते सूप उचलून खुंटीला अडकवलं. मे महिन्याची सुट्टी लागली, तशी ती अनशीला घेऊन कोरेगावला गेली. माहेरी दोन्ही वेळेला भाकरीच. पोरगी भाकरी, ताक आणि भातावर राहिली. आधी परड्यातल्या खेपा थांबल्या, मग पोट उतरलं, आणि सुट्टी संपता संपता ती मामाच्या पोरांबरोबर आंब्याखाली पळायला लागली. तिला पळताना बघून राहीबाईचा ऊर भरून आला. डॉक्टरचं बोलणं खरं होतं. आता कुणी काही म्हणो.

"पाणी बदाललं म्हणून झालं त्ये," कुंडलला परत आल्यावर धोंडुबाई म्हणाली. "तुला म्हायेरचं समदंच गोड." पण नातीच्या गालावरचा रंग तिच्याही डोळ्यांत भरला होता. म्हणून तिनं पुढे जोडलं, "कर तुज्या मनासारखं. पर दिवाळीपतूर बगीन मी. पोर न्हाई सुधारली तर शाळंतनं नाव काडायचं. ती दगदग तिला सोसत न्हाई. घरात बसंल, माज्या डोळ्याम्होरं चार घास खाईल."

हे नुसतं बोलणं नव्हतं. मानसिंग आईच्या शब्दाबाहेर नव्हता. दिवाळीपर्यंत पोरगी सुधारली नाही, तर यंदा लागलेल्या तिसरीतच तिची शाळा संपणार होती, आईच्याही एक इयत्ता अलीकडे. राहीबाईनं पदर खोचला.

गिरणीत गव्हामागं ज्वारी टाकली, की पहिल्या पिठात गहू उतरतोच. म्हणून तिनं माजघराच्या कोपऱ्यात पडलेलं जातं बाहेर काढलं, घासून धुतलं आणि पहाटे उठून त्यावर शाळू दळायला लागली. शेजारची चंद्राबाई दारात येऊन उभी राहिली. "का गं राहे, गिरणी बंद पडली व्हय? का सासूनं दळणाला पैसं द्याचं बंद केलं?"

"हाताला सवय ऱ्हावी म्हणून दळती," राहीबाई म्हणाली आणि खुंटा फिरवत राहिली.

अनशीसाठी तिनं काठवट वेगळी केली, तवा वेगळा केला. सकाळी चुलीवर आधी अनशीचं व्हायचं आणि मग घराच्या चपात्या. पण खरी परीक्षा डब्याची होती. ज्वारीची भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत वाळून बसते. पोरगी दातांनी ओढत बसली, की शेजारणीच्या मऊ चपातीकडे तिचं मन जाणारच. म्हणून राहीबाई भाकरीऐवजी दशमी करायची. शाळूचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, पातळ थापायचं आणि मंद आचेवर भाजायचं. मग ओलसर फडक्यात गुंडाळून जर्मलच्या डब्यात ठेवायचं. दुपारीसुद्धा दशमी अशी मऊ असायची की दुमडली तरी मोडायची नाही. सोबत लोण्याचा गोळा, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. कधी तांदळाची उकड, कधी ज्वारीच्या लाह्यांचा गुळातला लाडू. चपातीची आठवणच होऊ नये, असा डबा करायचा, हा तिचा हट्ट होता, आणि डबा रोज रिकामा होऊन घरी यायचा.

तरी आषाढ संपता संपता अनशीचं पोट पुन्हा फुगायला लागलं.

"डबा तूच खातीस न्हवं?" राहीबाईनं विचारलं.

"व्हय की," अनशी म्हणाली, पण बोलताना तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळेला राहीबाई शाळेच्या आवारात जाऊन कडुलिंबाच्या झाडाआड उभी राहिली. पोरींची अंगतपंगत बसली होती, अनशी आणि तिच्या मैत्रिणी, त्यात चंद्राबाईची रंगूही. अनशीनं झाकण काढलं मात्र, चारी बाजूंनी हात आले. दशमीचा तुकडाही अनशीच्या वाट्याला आला नाही. आणि मग एकेक पोर आपल्या डब्यातलं काहीबाही त्या रिकाम्या डब्यात टाकायला लागली. कुणी चपातीची चतकोर, कुणी बिस्कीट, रंगूनं तर शिऱ्याची मूठच टाकली.

पोरींचं काही चुकत नव्हतं. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे इकडच्या पोरी चालायला लागतात तेव्हापासून शिकतात. वाटीभर साखर उसनी आणली, तर वाटी परत देताना त्यात चार शेंगा तरी पडतातच. आणि पुढ्यात आलेलं टाकायचं नाही, हे अनशीही शिकली होती. ती खाली मान घालून चपाती खात होती. राहीबाईनं कपाळावर हात मारला. ती दशमी जेवढी चांगली करत गेली होती, तेवढा डबा लवकर रिकामा होत गेला आणि तेवढा गहू पोरीच्या पोटात गेला. एवढी चव आणायला तिला कुणी सांगितलं होतं?

ती सरळ पंगतीत जाऊन बसली. पोरी घास हातात धरून बघत राहिल्या.

"दशमी ग्वाड लागती का गं?"

"लय ग्वाड, काकू," रंगू भीत भीत म्हणाली.

"मग उद्यापासनं तुमच्या वाटणीची बी दीन मी अनशीजवळ. पर तिच्या डब्यात चपाती टाकायची न्हाई. बिस्कीट न्हाई, शिरा न्हाई. गव्हाचं कायबी न्हाई. तिला बाधतंय त्ये."

"मग डबा रिकामा द्याचा?" रंगूच्या तोंडचं पाणीच पळालं.

"रिकामा कशाला? शेंगा टाका, चिच टाका, पेरूची फोड टाका."

दुसऱ्या दिवशी डबा शेंगांनी भरून घरी आला. नंतर पेरू आले, मक्याचं कणीस आलं, आणि ज्या दिवशी जवळ काही नव्हतं त्या दिवशी एकीनं पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा टाकला होता. राहीबाईचं दळण वाढलं, दूध जास्त लागायला लागलं. धोंडुबाई रोज त्या दुधावरून कुरकुरायची, पण अनशीच्या वाटणीची दशमी आता अनशीच खात होती.

इतकं करूनही पोरगी सुधारेना. थोडी बरी वाटायची आणि पुन्हा खंगायची. नवरात्र आलं, सहामाही परीक्षा आली. गणिताच्या पेपराला अनशी मध्येच पोट धरून खाली बसली आणि उठेना. चिंतामण गुरुजी तिला हाताला धरून घरी घेऊन आले.

"पोर हुशार आहे हो," ते पुढच्या सोप्यात उभे राहून म्हणाले. "पण तिला बसवतच नाही, त्याला मी तरी काय करू?"

गुरुजी गेले. धोंडुबाईनं नातीला पोटाशी घेतलं आणि सुनेकडे बघितलं. "झालं तुज्या मनासारखं? दिवाळी हून जाऊ दे. मी सवता जाऊन नाव काडती."

त्या दिवशी राहीबाईला पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टर चुकला असेल का? कोरेगावला पोरगी बरी झाली ती खरंच पाण्यानं का? आपण उगीच हट्टाला पेटलो आणि पोरीला भाकरीवर उपाशी ठेवलं का? रानात उसाला पाणी पाजतानाही तिच्या डोक्यात हेच चालायचं. सगळं करून झालं होतं. आता आणखी काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं.

आठवड्याच्या आत एका दुपारी लाईट गेली, मोटर बंद पडली आणि पाणी थांबलं. राहीबाई रोजच्यापेक्षा लवकर घरी आली. चिखलाचे पाय धुवायला ती परड्यातून शिरली, तर स्वयंपाकघरातून धोंडुबाईचा आवाज आला. तिच्या तोंडी एवढा मऊ आवाज राहीबाईनं कधी ऐकला नव्हता.

"खा गं माजी सोनी. तूप-साखर लावलीया बग. आन् आईला सांगू नगंस हां."

अनशी नुकती शाळेतून आली होती. दप्तर अजून गळ्यात होतं. ती आजीच्या मांडीवर बसली होती आणि हातात तुपानं निथळणारी चपातीची गुंडाळी होती.

रागानं राहीबाई सरळ आत शिरली. जातं ओढून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. गल्लीची बोलणी खाल्ली होती, डॉक्टरवर संशय घेतला होता, स्वतःलाही दोष दिला होता. आणि चूल तिचीच, घर तिचंच, गहू मात्र रोज पोरीच्या पोटात जात होता. तिनं अनशीच्या हातातून ती गुंडाळी घेतली, बाहेर जाऊन म्हशीच्या गव्हाणीत टाकली आणि परत आली.

"आन्न टाकतीस?" धोंडुबाई ओरडली.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"रोज. रोज शाळंतनं आली की देती मी. उपाशी येती माजी पोर. भाकरीवर जगती व्हय ती? काय करशील? घरातनं काडशील मला?"

अनशी रडायला लागली. राहीबाईनं तिला बाहेर खेळायला लावून दिलं आणि सासूच्या पुढ्यात बसली. धोंडुबाई भांडायला तयार होती. पण सून भांडेना, तसा तिचा जोर ओसरला आणि ती पदरानं तोंड पुसायला लागली.

"तुला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मानसिंगाच्या पाठीवर मला लेक झालती. अनसूयाच. तिचंच नाव हिला ठेवलंय. ताप भरलाता तिला. त्या तापात सारकी म्हणायची, आये, गव्हाची चपाती दे. घरात गव्हाचा दाणा न्हवता. कुणाम्होरं पदर पसरायची मला लाज वाटली. न्हाई म्हणलं मी तिला. सण आला की करीन म्हणलं. सण बगितला न्हाई पोरीनं. तवापासनं कुठल्या पोराला खायाला न्हाई म्हणलं न्हाई मी. माज्या तोंडातनं निगतच न्हाई गं त्ये."

राहीबाई या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा मानसिंगालाही आठवत नसावं. तिला सासूची फार दया आली. आत्ता आपण मागे सरलो, तर या घरातून दुसरी अनसूयाही जाईल, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

"तिला मिळालं न्हाई म्हणून ती गेली, आत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "हिला मिळतंय म्हणून ही जाईल."

धोंडुबाईनं वर बघितलं.

राहीबाईनं अनशीचा डबा उचलून सासूच्या पुढ्यात ठेवला. "उद्यापासनं डबा तुमी भरायचा. मी दळीन, दूध काडीन. दशमी तुमी थापायची आन् डबा तुमी तिच्या हातात द्याचा. शाळंतनं आल्यावर तिला काय द्याचं त्ये बी तुमीच बगायचं. मी राकण बसणार न्हाई."

असं बोलून ती मोठा धोका पत्करत होती. म्हातारीचा हात एकदा जरी सैल सुटला, तरी इतक्या महिन्यांचं सगळं मातीत जाणार होतं. पण सुनेनं दिवसभर राखण करायची आणि सासूनं पाठीमागून भरवायचं, यात पोरगी जगणार नव्हती. तिला वाचवायचं तर या घरात दोघींचा हात एकाच बाजूला लागायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई काठवटीपुढे बसली. मिलोच्या त्या दिवसांनंतर तिनं ज्वारीच्या पिठाला हात लावला नव्हता. पहिली दशमी उचलताना मोडली. दुसरी मोडली नाही. तिसरी अशी पातळ आणि गोल थापली गेली की राहीबाईला तशी कधी जमली नव्हती. धोंडुबाईनं ती फडक्यात गुंडाळली, लोण्याचा गोळा ठेवला आणि डबा नातीच्या हातात दिला.

संध्याकाळी राहीबाई गोठ्यात धार काढायला बसली होती. तेवढ्यात अनशी शाळेतून आली. दप्तर फेकल्याचा आवाज झाला, मग तिचं लाडीक बोलणं ऐकू आलं.

"आजे, भूक लागलीया. तूप-साखरंची चपाती दे."

राहीबाईचे हात थांबले. तिनं मागे वळून बघितलं नाही. उठून घरात जावं, असं तिच्या मनात आलं, पण ती जागची हलली नाही.

"न्हाई," धोंडुबाई म्हणाली.

अनशीला ती थट्टाच वाटली. "थोडीच दे की. आईला न्हाई सांगत."

"थोडी बी न्हाई."

"काल तर देत व्हतीस!" पोरगी रडायला लागली. "तू वाईट हाईस. जा, मी बोलत न्हाई तुज्याशी."

"नगं बोलूस," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज चिरत होता, पण तो खाली आला नाही. "रड लागंल तेवडी. चपाती मिळायची न्हाई तुला. आज न्हाई, सणाला न्हाई, कवाच न्हाई. तुला जगायचं हाय, माजे बाय. तुला शाळंत जायाचं हाय."

मग ज्वारीच्या लाह्यांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अनशी हुंदके देत होती आणि तिच्याहूनही मोठ्यानं तिची आजी रडत होती. राहीबाईनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं. मग बादली पायांत घट्ट धरून तिनं पुन्हा धार काढायला सुरुवात केली, कारण सकाळी दशमीला दूध लागणार होतं.